भूगोल शिकायचाय, पण अकरावीला घेऊ काय?

(हा आमच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. बसमध्ये आहात, हेडफोन घरी राहिलाय, तर वाचून घ्या.)

दहावीचा निकाल लागला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतो. "ताई, मला भूगोल आवडतो, सायन्स घेऊ की आर्ट्स?" "ताई, पर्यावरणात करिअर करायचंय, बायोलॉजी लागतं का?" यंदा त्यातला एक मेसेज वाचून मी जरा थांबलेच. तिची परवानगी घेऊन वाचून दाखवते, नाव सांगत नाही.

"ताई, मी सांगलीची. २०१९ ला मी लहान होते, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आठ दिवस मामाकडे राहिलो. २०२१ ला परत तेच. मला शिकायचंय की पूर का येतो आणि पाणी कुठपर्यंत येणार हे आधी कसं कळतं. पप्पा म्हणतात सायन्सच घे. भूगोलाच्या मॅडम म्हणतात, भूगोल आवडतो तर आर्ट्स घे. फॉर्म भरायला चार दिवस राहिलेत. काय करू?"

मी तिला दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण याच ठिकाणी मी स्वतः चुकले होते, आणि माझी चूक तिच्या गळ्यात घालायची नव्हती.

माझं काय झालं

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकले. दहावीनंतर आर्ट्स घेतलं. खरं कारण भूगोल नव्हतं. खरं कारण होतं गणितापासून सुटका. भूगोल आवडत होता हे खरंच, पण घरी सांगायला ते छान कारण मिळालं होतं.

पुढे बीए भूगोल केलं आणि ती तीन वर्षं मस्त गेली. सर आम्हाला निघोजला घेऊन गेले होते. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला. पाणी आणि त्यात गरगर फिरणारे दगडगोटे मिळून बेसॉल्टसारखा टणक खडक कसा कोरतात, हे हात लावून कळलं. त्या दिवशी वाटलं, आपण बरोबर जागी आलोय.

मग दोन ठेचा लागल्या. पहिली शेवटच्या वर्षाला. मला भारतीय वन सेवेची परीक्षा द्यायची होती. जंगल, नकाशे, डोंगर, म्हटलं हे तर आपलंच काम! जाहिरात उघडली. पात्रतेत लिहिलेलं होतं की पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी. ती यादी मी तीनदा वाचली. भूगोल त्यात नव्हता. गंमत म्हणजे 'पर्यावरणशास्त्र' हे नावही त्यात नव्हतं.

दुसरी ठेच एमएला. संख्याशास्त्राचा पेपर आणि रिमोट सेन्सिंग. सहसंबंध, समाश्रयण, मॅट्रिक्स. ज्या गणिताला मी सोळाव्या वर्षी टाटा केला, ते बाविसाव्या वर्षी दारात येऊन बसलेलं. मी अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं आणि हॉस्टेलवर रात्री सोडवत बसले. झालं, जमलं. आज मी पुण्यात नकाशे आणि जीआयएसचं काम करते, पोटापाण्याचं बरं चाललंय. पण जे अकरावीत वर्गात बसून, सरांना विचारत शिकता आलं असतं, ते मी एकटीने, रडत शिकले.

म्हणून आजचा एपिसोड 'सायन्स भारी की आर्ट्स भारी' यावर नाही. विषय निवडताना पदवीचं नाव बघायचं की आपल्या डोक्यातला प्रश्न बघायचा, यावर आहे. मी म्हणते, प्रश्न बघा.

एक पूर, सहा विषय

सांगलीचाच पूर घेऊ. सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची उंची मोजतात. ४० फूट झाले की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. आता या एका घटनेत किती विषय आहेत बघा.

भूगोल सांगतो, पाणी इथेच का तुंबतं. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन कृष्णेला मिळते. वर सह्याद्रीत धो धो पाऊस, कोयनेसारख्या धरणांतून सोडलेलं पाणी, आणि खाली सांगलीच्या भागात नदीचा उतार अगदी कमी. वेगाने आलेलं पाणी सपाटीवर आलं की रेंगाळतं आणि पसरतं.

भौतिकशास्त्र सांगतं, ढगांच्या वरून पूर कसा दिसतो. पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली फक्त पांढरं दिसतं. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. शांत पाण्यावर आपटून त्या दुसरीकडे निघून जातात, परत उपग्रहाकडे येत नाहीत. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची अशी चित्रं कुणालाही फुकट मिळतात. माझ्या ऑफिसात आम्ही तीच वापरतो.

रसायनशास्त्राचं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं. विहिरीचं पाणी पिण्यालायक आहे का, शेतातली खतं-औषधं त्यात किती उतरली, हे प्रयोगशाळेत कळतं.

जीवशास्त्र विचारतं, नदीकाठची झाडी गेली, पाणथळ जागा बुजवल्या, तर त्याचा नदीवर आणि तिच्यातल्या जिवांवर काय परिणाम झाला.

अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे विचारतात की पूररेषेच्या आत घरं कुणाची आहेत, ती तिथे का आहेत, आणि भरपाई कुणाला मिळते. हे प्रश्न कमी महत्त्वाचे अजिबात नाहीत. नकाशा कितीही अचूक काढला तरी माणसं तिथून का हलत नाहीत हे नकाशा सांगत नाही.

आणि गणित? गणितावर जरा जास्त बोलते, कारण पोरं तिथेच पळतात. मी पळाले होते.

'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे काय

आपल्याकडे नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून लोकांना काय वाटतं? २०१९ ला मोठा पूर येऊन गेला ना, आता आपल्या हयातीत नाही.

तसं नसतं. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ, दरवर्षी शक्यता १ टक्का. पूर येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्काच. आता समजा तुम्ही ३० वर्षांचं गृहकर्ज काढून बरोबर लाल रेषेवर घर बांधलं. त्या ३० वर्षांत निदान एकदा दारात पाणी येण्याची शक्यता किती?

एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. सलग ३० वर्षं न येण्याची म्हणजे ०.९९ चा ३० वा घात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, साधारण ०.७४ येतं. म्हणजे येण्याची शक्यता २६ टक्के. चारातली एक. आणि घर निळ्या रेषेवर असेल तर? ०.९६ चा ३० वा घात, साधारण ०.२९. म्हणजे ७१ टक्के! कर्ज फिटायच्या आत पाणी येण्याचीच शक्यता जास्त.

यात सगळी वर्षं सारखी धरली आहेत. पावसाची तऱ्हाच बदलत असेल तर जुन्या नोंदींवरून काढलेली ही रेषासुद्धा पुन्हा तपासावी लागते, आणि ते तपासायलाही गणितच लागतं. पण मुद्दा हा की वर जे केलं ते अकरावी-बारावीच्या संभाव्यतेइतकंच आहे. एवढ्याशा गणितावर एका घराचा निर्णय अवलंबून आहे. मला हे सोळाव्या वर्षी कुणी असं सांगितलं असतं तर मी कदाचित पळाले नसते.

जीवशास्त्र घेतलं की गणित सुटतं, असंही नाही. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे माधव गाडगीळांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा विषय जीवशास्त्र, पण हार्वर्डमध्ये त्यांनी गणिती परिस्थितिकीवर काम केलं होतं. त्यांच्या समितीने २०११ च्या अहवालात अख्खा पश्चिम घाट साधारण ९ बाय ९ किलोमीटरच्या चौकोनांत विभागला आणि प्रत्येक चौकोनाला संवेदनशीलतेचे गुण दिले. झाडं-प्राणी, नकाशा आणि आकडे, तिन्ही एकाच टेबलावर.

'पर्यावरण तर सगळ्यांनाच असतं ना?'

हा गोंधळ फार जणांचा होतो. बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा आहे. कॉलेजातही पर्यावरणाचा पेपर असतो. त्यामागे एक कोर्टकचेरी आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की शिक्षणात पर्यावरण हा सक्तीचा विषय करा. म्हणून तो आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आला.

पण तो नागरिक म्हणून शिकायचा विषय आहे. त्यात चांगले मार्क पडले म्हणून बीएस्सी पर्यावरणशास्त्राला प्रवेश मिळत नाही. तिथे साधारणपणे बारावी सायन्स मागतात. कारण आत गेल्यावर पाणी-माती-हवेचं पृथक्करण, सूक्ष्मजीव, परिसंस्था, आकडेवारी हेच असतं.

आणखी एक गोष्ट. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करायला त्याच नावाची बीएस्सी लागतेच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांत रसायन, वनस्पती, प्राणी, भूशास्त्र अशा बीएस्सीनंतर जाता येतं. वन सेवेची ती यादी आठवा. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी करून पुढे पर्यावरणात एमएस्सी केलेल्या माझ्या मैत्रिणीला दोन्हीकडे फॉर्म भरता आला. नाव 'पर्यावरण' नव्हतं, पण वाटा दोन होत्या.

मग अकरावीला नेमकं काय?

आधी सगळ्यात मोठा गैरसमज काढून टाकू. आपल्या राज्य मंडळात भूगोल फक्त आर्ट्सला नसतो. सायन्सच्या मुलांनाही तो घेता येतो, भूशास्त्रही घेता येतं. तसंच आर्ट्सच्या मुलांना गणित घेता येतं. अडचण एकच, प्रत्येक कॉलेजात ही सोय नसते. म्हणून शाखा ठरवण्याआधी कॉलेज बघा.

भूगोल शिकायचाय, आणि पूर, हवामान, उपग्रह, खडक याकडे ओढा आहे: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि चौथा विषय भूगोल. यात इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही, कारण पीसीएम पूर्ण आहे. मेडिकलची मात्र होते, कारण बायोलॉजी नाही. घरी हे आधीच स्पष्ट सांगा, नंतर भांडण नको.

पर्यावरणशास्त्र, म्हणजे प्रदूषण, जंगल, जीवसृष्टी: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि झेपत असेल तर चौथं गणित. गणित ठेवलंत तर पुढे आकडेवारीला घाम फुटणार नाही.

माणसं, शहरं, शेती, स्थलांतर, नियोजन यात रस आहे, किंवा फिजिक्स-केमिस्ट्री खरंच जड जातंय: आर्ट्स घ्या, बिनधास्त घ्या. भूगोल, अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र, आणि कॉलेजात मिळत असेल तर गणित. नाहीच मिळालं तर संख्याशास्त्राची तोंडओळख स्वतःची स्वतः करून ठेवा. बीए भूगोलाला कुठल्याही शाखेतून जाता येतं, आणि यूपीएससीला भूगोल वैकल्पिक विषय म्हणून आहेच.

आता एक कडू गोष्ट. या वाटांवर जाणं-येणं सारखं नाही. बारावी सायन्सनंतर बीए भूगोलाला जाता येतं. बारावी आर्ट्सनंतर बीएस्सी भूगोल किंवा पर्यावरणशास्त्राला बहुतेक ठिकाणी जाता येत नाही. म्हणून मनात खरोखर पन्नास-पन्नास असेल तर सायन्सकडे झुका. पण मन आर्ट्समध्ये असताना फक्त 'वाटा उघड्या राहाव्यात' म्हणून दोन वर्षं फिजिक्समध्ये नापास होत बसू नका. त्या उघड्या वाटेवर कमी मार्कांनी जाता येत नाही.

फॉर्म भरायच्या आधी तीन कामं

पहिलं काम. बालभारतीच्या साईटवरून अकरावीचं आणि बारावीचं भूगोलाचं पुस्तक मोबाईलवर उतरवा, फुकट आहे. दोन्हीतला एक-एक धडा वाचा. सध्याच्या अकरावीच्या पुस्तकात भूहालचाली, विदारण, हवामान प्रदेश, हिंदी महासागर असं आहे, म्हणजे निसर्गाची बाजू. बारावीच्या पुस्तकात लोकसंख्या, वसाहती, आर्थिक क्रिया, म्हणजे माणसाची बाजू. कुठला धडा वाचताना मोबाईल खाली ठेवावासा वाटला नाही, ते लक्षात ठेवा. तुम्हाला भूगोल आवडतो म्हणजे नेमकं काय आवडतं, ते तिथे कळेल.

दुसरं काम. तुम्हाला हवीशी वाटणारी एक नोकरी घ्या. हवामान खातं, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन विभाग, काहीही. त्यांची एक जुनी जाहिरात शोधा आणि फक्त 'शैक्षणिक अर्हता' वाचा. भूजलाच्या कामात भूशास्त्राची पदवी विचारतात, हवामानात फिजिक्स-गणित विचारतात. तिथून मागे मागे येत अकरावीपर्यंत पोचा. मी हे काम शेवटच्या वर्षाला केलं. तुम्ही आज करा, दहा मिनिटं लागतात.

तिसरं काम. कॉलेजात जाऊन किंवा फोन करून विचारा. सायन्सला भूगोल आहे का? शिकवायला शिक्षक आहेत का, की नुसता कागदावर आहे? भूगोलाचे २० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात, ती प्रात्यक्षिकं खरंच होतात का? आर्ट्सला गणित मिळेल का? विषय बदलायचा झाला तर कधीपर्यंत? अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालाय, त्यामुळे पसंतीक्रम भरण्याआधी ही माहिती हातात हवी. नंतर कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहून उपयोग नाही.

सांगलीच्या मुलीला काय सांगितलं

तिला मी लिहिलं: तुझा प्रश्न 'पाणी कुठपर्यंत येणार' हा आहे. त्याला गणित लागतं, फिजिक्स लागतं आणि भूगोल लागतो. तुझे पप्पाही अर्धे बरोबर आहेत आणि मॅडमही अर्ध्या बरोबर आहेत. सायन्सला भूगोल देणारं कॉलेज शोध. नाहीच सापडलं तर पीसीएम घे, चौथा विषय मिळेल तो घे, आणि भूगोलाची पुस्तकं घरी वाच. बारावीनंतर बीएस्सी भूगोलाची वाट तुला मोकळी राहील. आणि निळ्या-लाल रेषेचं ते गणित पप्पांना करून दाखव.

परवा तिचा रिप्लाय आला. एक कॉलेज सापडलंय, घरापासून लांब आहे, एसटीच्या पासची चौकशी चालू आहे. आणि खाली लिहिलं होतं, "पप्पांनी गणित दोनदा करून बघितलं. मग म्हणाले, आपलं घर कुठल्या रेषेत येतं गं? मला सांगता आलं नाही. उद्या आम्ही दोघं नकाशा बघायला जाणार आहोत."

तर मंडळी, आजचं इतकंच. तुमच्या कॉलेजात सायन्सला भूगोल किंवा आर्ट्सला गणित मिळत असेल तर मला नक्की कळवा. नाव-गावासकट यादी करतेय, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!